यीस्ट, ऑक्सिजन आणि अल्कोहोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीची मुलं, घरी पाव भाजणारी मंडळी, डिस्टिलरीत नव्याने लागलेले केमिस्ट आणि नाशिकला वाइनरी बघून आलेले पर्यटक, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात: यात हवेचं काय काम? खालची उत्तरं बेकरीत, बिअरमध्ये, वाइनमध्ये आणि मळीच्या टाकीत वापरतात त्या यीस्टबद्दल, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीबद्दल आहेत. दुसऱ्या जातीची गोष्ट निघाली तिथे तसं सांगितलं आहे.

ऑक्सिजन असला की श्वसन, नसला की किण्वन, म्हणजे आंबणं. एवढं लक्षात ठेवलं की झालं ना?

परीक्षेपुरतं झालं. तेच लिहा आणि मार्क घ्या. टाकीत मात्र हे वाक्य टिकत नाही. वाइनसाठी काढलेल्या द्राक्षरसात लिटरमागे २०० ग्रॅमच्या वर साखर असते. त्यात कॉम्प्रेसर लावून रात्रभर हवा सोडलीत तरी हे यीस्ट अल्कोहोल करतंच. ते आधी साखर बघतं, मग हवा. हा क्रम एकदा डोक्यात बसला की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

पेशीच्या आत नेमकं काय होतं ते एकदा सांगाल का?

ग्लुकोज आत आलं की त्याचे दोन तुकडे होतात, पायरुविक आम्लाचे. हे ग्लायकोलायसिस. त्याला ऑक्सिजन लागत नाही आणि त्यातून एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, २ रेणू हाती लागतात. पण त्याच वेळी एनएडी हा रेणू हायड्रोजन घेऊन एनएडीएच होऊन बसतो. पेशीत एनएडीचा साठा अगदी थोडा असतो. तो मोकळा झाला नाही तर ग्लायकोलायसिस जागच्या जागी अडतं.

हा हायड्रोजन उतरवायचे दोन मार्ग आहेत. ऑक्सिजन असेल आणि तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतली श्वसनाची केंद्रं) कामाला लागल्या असतील, तर तो शेवटी ऑक्सिजनला जाऊन मिळतो, पाणी होतं आणि वाटेत भरपूर एटीपी तयार होतो. दुसरा मार्ग असा: पायरुविक आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, अ‍ॅसिटाल्डिहाइड उरतं, ते तो हायड्रोजन घेतं आणि इथेनॉल होतं. या शेवटच्या दोन पायऱ्यांत एकही एटीपी मिळत नाही. यीस्ट ऊर्जेसाठी अल्कोहोल बनवतं असं सर्रास लिहिलं जातं. खरं तर एटीपी मिळतो तो ग्लायकोलायसिसमध्ये, आणि अल्कोहोल होतं ते एनएडी मोकळा करताना.

वजनाचा हिशेब: १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे साखरेच्या जेमतेम ५१ टक्के अल्कोहोल, आणि तेही कागदावर. प्रत्यक्षात काही साखर नव्या पेशींच्या अंगात जाते, काही ग्लिसरॉलमध्ये.

श्वसनात ३८ एटीपी मिळतात ना?

शाळेच्या पुस्तकांतून चालत आलेला आकडा तो. प्राण्यांच्या पेशींसाठीसुद्धा आता ३० ते ३२ मानतात. आपल्या यीस्टला तेवढेही मिळत नाहीत, कारण तंतुकणिकेतल्या साखळीचा पहिला मोठा पंप, कॉम्प्लेक्स वन, त्याच्याकडे नाहीच. त्याच्या जागी एक साधं एन्झाइम आहे, जे इलेक्ट्रॉन पुढे सरकवतं पण प्रोटॉन ढकलत नाही. त्यामुळे हिशेब एका ग्लुकोजमागे १६च्या आसपास येतो. तरीही २च्या मानाने आठपट.

पाश्चर परिणाम म्हणजे काय?

लुई पाश्चर १८५६ साली फ्रान्समधल्या लील शहरात प्राध्यापक असताना बिटापासून अल्कोहोल काढणाऱ्या एका कारखानदाराने त्यांच्याकडे तक्रार आणली: काही पिंपांतला माल आंबट होतोय. तिथून त्यांचं किण्वनाचं काम सुरू झालं. १८६१ साली त्यांनी दाखवलं की यीस्टला हवा दिली तर ते जोमाने वाढतं, पण वाढीच्या मानाने साखर फार कमी खातं. हवा तोडली की वाढ मंदावते आणि साखरेचा फडशा पडतो. कारण उघड आहे. एका ग्लुकोजमागे २च एटीपी मिळत असतील तर पोट भरायला जास्त ग्लुकोज लागणार.

आजच्या मोजमापात सांगायचं तर हवा भरपूर आणि साखर मोजूनमापून दिली, तर १ ग्रॅम साखरेतून साधारण अर्धा ग्रॅम कोरडं यीस्ट मिळतं. हवा बंद असेल तर ०.१ ग्रॅमच्या आसपास.

आतून हे नियंत्रण मुख्यतः ग्लायकोलायसिसमधल्या फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या एन्झाइमवर चालतं. एटीपी साठला की ते मंदावतं. पण हेही सांगायला हवं की साखरेने भरलेल्या रसात जोमाने वाढणाऱ्या बेकरी यीस्टमध्ये पाश्चर परिणाम फारच फिका दिसतो. साखर तुटपुंजी असली किंवा नायट्रोजन संपल्यामुळे वाढ थांबली असली, तर तो ठळक दिसतो. पुस्तकात ही मेख बहुतेक वेळा गाळलेली असते.

आणि क्रॅबट्री परिणाम?

हर्बर्ट क्रॅबट्री यांनी १९२९ साली हे पाहिलं ते यीस्टमध्ये नव्हे, कर्करोगाच्या गाठीच्या पेशींमध्ये: ग्लुकोज वाढवलं की त्यांचं श्वसन कमी होतं. पुढे तेच नाव यीस्टला चिकटलं. यीस्टच्या बाबतीत अर्थ असा: ऑक्सिजन समोर हजर असताना, निव्वळ साखर जास्त आहे म्हणून किण्वन सुरू होणं.

‘जास्त’ म्हणजे किती, हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. लिटरमागे ०.१ ते ०.२ ग्रॅम ग्लुकोज पुरे. द्राक्षरसात याच्या हजारपट साखर असते. एवढी साखर दिसली की पेशी श्वसनाला लागणारी कितीतरी जनुकं बंद ठेवते. तंतुकणिका असतात, पण अर्धवट घडणीच्या. हवा आहे, पण ती वापरायची यंत्रणाच उभी नाही, अशी अवस्था.

त्यातून कोणी म्हणालं की यंत्रणा उभी असती तर हवा पुरली असती, तर तेही खोटं. १ ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जाळायला १.०७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. लिटरभर रसातल्या २०० ग्रॅम साखरेला झाला २१३ ग्रॅम. पाण्यात हवेतला ऑक्सिजन एका वेळी विरघळतो तो २५ अंशाला लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम, साखरेच्या रसात त्याहून कमी. म्हणजे तो साठा पंचवीस हजारांहून जास्त वेळा संपवून पुन्हा भरावा लागेल.

१६ एटीपी सोडून २ घेणं हा शुद्ध वेडेपणा नाही का?

हिशेब फक्त एटीपीचा केला तर वाटतो. पण पिकून फुटलेल्या फळावर यीस्ट एकटं नसतं. जिवाणू, बुरश्या, सगळे त्याच साखरेवर टपलेले. तिथे जो झपाट्याने साखर गिळेल त्याचं चालतं. किण्वन प्रति ग्लुकोज कमी देतं, पण वेगाने चालतं. शिवाय तयार होणारं अल्कोहोल बाकीच्यांना सोसत नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. ग्लुकोज जाळलं तर मोलमागे साधारण २८०० किलोज्यूल ऊर्जा निघते. त्याच ग्लुकोजपासून झालेलं इथेनॉल जाळलं तर २७००च्या वर. म्हणजे बहुतेक सगळी ऊर्जा अल्कोहोलमध्ये तशीच शिल्लक असते. म्हणून तर ते पेट्रोलमध्ये मिसळता येतं. साखर संपली आणि हवा मिळाली की हेच यीस्ट श्वसनाची जनुकं चालू करतं, काही तास वाढ थांबल्यासारखी दिसते, आणि मग ते स्वतःच केलेलं अल्कोहोल खाऊ लागतं. दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून घ्यायचा, त्याचं अल्कोहोल करून ठेवायचं आणि सावकाश संपवायचं.

या घराण्यात सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी अख्ख्या जनुकसंचाची दुप्पट झाली होती. ही सवय रुजायला त्याचा हात लागला असं अनेक संशोधक मानतात. काळ साधारण तोच, जेव्हा पृथ्वीवर सपुष्प वनस्पती आणि त्यांची फळं पसरत होती. सगळ्याच यीस्टची रीत अशी नाही. क्लायव्हेरोमायसिस लॅक्टिस किंवा टोरुला यीस्ट हवा मिळत असेल तर साखर भरपूर असली तरी श्वसनच करतात.

मग बेकरीच्या यीस्टचे कारखाने मळीतून अल्कोहोल न होऊ देता नुसतं यीस्ट कसं काढतात?

थेंबाथेंबाने भरवून. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनी आणि डेन्मार्कमध्ये ही पद्धत बसली आणि आजही तीच चालते. टाकीत मळी एकदम ओतायची नाही. पातळ केलेली मळी हळूहळू सोडत राहायची, यीस्ट जेवढी खाईल तेवढीच, म्हणजे द्रावणात साखर जवळजवळ शून्यावर राहते. खालून हवेचा प्रचंड मारा. यीस्ट वाढेल तसा मळीचा वेग वाढवायचा, पण हात आखडता ठेवूनच.

चूक झाली की लगेच कळते, कारण टाकीतून बाहेर पडणाऱ्या हवेत अल्कोहोल दिसायला लागतं. तेव्हा मळी कमी करायची किंवा हवा वाढवायची. दुसरी खूण म्हणजे सुटलेला कार्बन डायऑक्साइड आणि वापरलेला ऑक्सिजन यांचं गुणोत्तर. साखरेचं निव्वळ श्वसन चालू असेल तर ते १च्या आसपास असतं. वर सरकलं की किण्वन सुरू झालं समजा. सगळ्यात मोठी डोकेदुखी मात्र उष्णतेची. श्वसनात एवढी ऊर्जा सुटते की गार पाणी फिरवलं नाही तर टाकी यीस्टलाच शिजवेल.

डिस्टिलरीत प्रोपगेशनच्या (यीस्ट वाढवायच्या) टाकीला हवा देतात आणि मुख्य फर्मेंटरला (किण्वनाच्या टाकीला) देत नाहीत. असं का?

कारण दोन टाक्यांकडून दोन वेगळ्या गोष्टी हव्या असतात. प्रोपगेशनमध्ये पेशींची संख्या हवी. तिथे मळीचं द्रावण पातळ ठेवतात, तळातल्या स्पार्जरमधून हवा सोडतात आणि यीस्ट दाट करून घेतात. मळीत साखर थेंबाथेंबाच्या मानाने बरीच असते, त्यामुळे थोडं अल्कोहोल तिथेही होतंच. कोणी त्याचं वाईट वाटून घेत नाही.

मुख्य फर्मेंटरमध्ये प्रत्येक किलो साखरेचा हिशेब अल्कोहोलमध्ये द्यायचा असतो. तिथे यीस्ट वाढवत बसलात तर १ किलो कोरड्या यीस्टमागे निदान २ किलो साखर गेली, म्हणजे कागदावर १ किलो अल्कोहोल गेलं. शिवाय हवेने मळीचा फेस चढतो. तो फेस ज्याने पाहिलाय त्याला विचारा: तपकिरी, चिकट, झाकणाच्या फटीतून बाहेर येऊन शिडीवरून खाली ओघळणारा, आणि वाळला की कितीही घासा, डाग राहणारा. टर्की रेड ऑइल ओतून तो बसवावा लागतो आणि त्या तेलाचाही खर्च असतोच.

अल्कोहोलच हवं असेल तर पहिल्यापासून टाकी हवाबंद करावी का?

नको. इथेच बरेच जण फसतात. हवेशिवाय यीस्ट जगतं म्हणून हवेशिवाय कायम वाढेल असं नाही. पेशीच्या पटलाला एर्गोस्टेरॉल हे स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लं लागतात, आणि ती बनवण्याच्या रासायनिक पायऱ्यांत ऑक्सिजन प्रत्यक्ष खर्च होतो. ऊर्जेशी याचा संबंध नाही. १९५३-५४ साली अँड्रियासन आणि स्टायर यांनी दाखवलं की पूर्ण हवाबंद वातावरणात यीस्ट वाढवायचं तर एर्गोस्टेरॉल आणि ओलेइक आम्लासारखं असंतृप्त मेदाम्ल बाहेरून द्यावं लागतं.

प्रत्येक विभाजनात आईकडचा साठा लेकीत वाटला जातो. चार-पाच पिढ्यांत तो इतका विरळ होतो की पटल कमकुवत पडतं. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. अल्कोहोल १०-१२ टक्क्यांवर गेलं की मग कमकुवत पटलाच्या पेशी पटापट मान टाकतात, आणि अर्धी गोड वाइन टाकीत अडकून राहते. आता हवा देऊन उपयोग नसतो, कारण साठा करायची वेळ निघून गेलेली असते.

म्हणून बिअर करणारे यीस्ट घालण्याआधी गार वर्टमध्ये (माल्टच्या गोड काढ्यात) ऑक्सिजन विरघळवतात, लिटरमागे साधारण ८ ते १० मिलिग्रॅम. वर्ट जड असेल तर जास्त. वाइनमध्ये किण्वन सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत, पेशी अजून वाढत असताना, रस खालून काढून हवेतून वर ओततात. लिटरमागे ५ ते १० मिलिग्रॅम पुरतात. हा ऑक्सिजन अल्कोहोल कमी करत नाही. उलट साखर शेवटपर्यंत संपायला मदत करतो. त्यानंतर मात्र दार बंद.

गोव्यात काजूबोंडांचा रस उघड्यावरच आंबतो. तिथे ऑक्सिजनमुळे बिघडत नाही का?

रस काढताना आणि ओतताना जी हवा मिसळते ती सुरुवातीचं स्टेरॉलचं काम भागवते. यीस्ट वेगळं घालत नाहीत, बोंडांवरचंच असतं. एकदा रस फसफसायला लागला की वर येणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड, तो पृष्ठभागावर पसरून राहतो. लिटरभर द्राक्षरसातल्या २०० ग्रॅम साखरेतून असा सुमारे ५० लिटर वायू निघतो. भांडं उघडं दिसतं, पण आतल्या यीस्टच्या दृष्टीने ते बंदच असतं.

फेस बसला की हे कवच संपतं आणि हवा लागून रस आंबट व्हायची भीती असते. म्हणूनच भट्टीवाले त्या वेळेला डोळ्यांत तेल घालून जपतात आणि रस लगेच भट्टीवर चढवतात. ताडी-माडीचंही तेच, फक्त घड्याळ जास्त वेगवान, कारण तिथे यीस्टबरोबर लॅक्टिक जिवाणू आणि झायमोमोनास हा अल्कोहोल करणारा जिवाणूसुद्धा असतो.

उघडी राहिलेली वाइन आंबट होते, ते यीस्टमुळे?

नाही, अ‍ॅसिटोबॅक्टर जिवाणूंमुळे. ते अल्कोहोल आणि ऑक्सिजन घेऊन अ‍ॅसिटिक आम्ल करतात. हवा नसेल तर त्यांचं काही चालत नाही. बाटली काठोकाठ भरायची कारणं दोन: हे जिवाणू, आणि हवेने होणारं निव्वळ रासायनिक ऑक्सिडीकरण.

याला एक सुंदर अपवाद स्पेनमधल्या हेरेथ शहरात आहे. तिथे शेरी नावाच्या वाइनची पिंपं मुद्दाम थोडी रिकामी ठेवतात. सुमारे १५ टक्के अल्कोहोलच्या वाइनवर यीस्टचाच पांढुरका, सुरकुतलेला पापुद्रा चढतो. साखर संपलेली असते, म्हणून ते यीस्ट वरून ऑक्सिजन आणि खालून अल्कोहोल घेऊन श्वसन करतं आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड सोडतं. फिनो शेरीचा तो कापलेल्या सफरचंदासारखा वास त्याचाच.

पावाच्या पिठात श्वसन होतं की किण्वन?

जवळजवळ सगळं किण्वन. मळताना अडकलेला ऑक्सिजन यीस्ट काही मिनिटांत संपवतं. पाव फुगवणारा वायू किण्वनातला. सोबत झालेलं अल्कोहोल भट्टीत बहुतेक उडून जातं. पीठ झाकून ठेवतात ते वरची साल वाळू नये म्हणून, हवा लागू नये म्हणून नव्हे.

जाता जाता: इडलीचं पीठ फुगतं ते मुख्यतः ल्युकोनोस्टॉक या जिवाणूमुळे. त्यात यीस्ट घालायची गरज नसते.

शाळेत किंवा घरी ऑक्सिजनचा परिणाम दाखवता येईल असा प्रयोग?

बाटलीला फुगा लावायचा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे. त्यातून वायू दिसतो, ऑक्सिजनबद्दल काही कळत नाही. त्याऐवजी मिथिलीन ब्लू वापरा. परीक्षानळीत कोमट पाणी, चमचाभर साखर, चिमूटभर यीस्ट चांगलं ढवळा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि मिथिलीन ब्लूचे थोडे थेंब घाला. निळं द्रावण नळी न हलवता उभी ठेवा. हळूहळू रंग जातो आणि खाली यीस्टचा नेहमीचा दुधी रंग उरतो, पण अगदी वर, हवेला लागून, एक निळी कडी टिकून राहते. आता नळी जोरात हलवा: सगळं पुन्हा निळं. यीस्टने ऑक्सिजन संपवला की पेशींतला हायड्रोजन त्या रंगद्रव्यावर जातो आणि रंग उडतो. हलवल्यावर ऑक्सिजन मिसळतो आणि रंग परततो. कितीतरी वेळा करता येतं.

मत्स्यटाकीच्या पंपाने एका बाटलीत हवा सोडून दुसरी बंद ठेवायची, हा प्रयोगही मुलं करतात आणि दोन्हींत अल्कोहोलचा वास आला म्हणून हिरमुसतात. प्रयोग फसलेला नसतो. क्रॅबट्री परिणाम दिसलेला असतो. तेवढंच वहीत लिहा; पुढे भट्टी लावायच्या भानगडीत पडू नका, परवान्याशिवाय दारू गाळणं आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे.

रिकाम्या फर्मेंटरमध्ये उतरायला काय हरकत आहे?

रिकामा दिसतो, रिकामा नसतो. तळाशी कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो आणि तो दिसत नाही. माणूस दोन श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. पंख्याने हवा खेळवून, ऑक्सिजन मोजून, दोर बांधून, वर माणूस उभा करूनच उतरायचं. मेणबत्ती सोडून बघायची जुनी रीत पुरेशी नाही, आणि अल्कोहोलची वाफ असलेल्या जागी ज्योत नेणं म्हणजे दुसरं संकट.

ज्या यीस्टला श्वसन करताच येत नाही असं काही असतं का?

असतं. बोरिस एफ्रुसी यांनी १९४९च्या सुमारास फ्रान्समध्ये अशी यीस्ट दाखवली. ताटलीवर त्यांच्या वसाहती इतरांपेक्षा लहान राहतात, म्हणून नाव पडलं ‘पेतीत’. त्यांच्या तंतुकणिकांचा डीएनए बिघडलेला किंवा गायब असतो. साखरेवर निवांत जगतात, अल्कोहोलही करतात. साखर संपल्यावर ते अल्कोहोल खायची सोय मात्र त्यांना नाही.

ऑक्सिजन दिल्यावर अल्कोहोल वाढतं, असं कधी होतं का?

ब्रेटॅनोमायसिस नावाच्या यीस्टमध्ये होतं. बेल्जियमच्या आंबट बिअरमध्ये ते हवं असतं, वाइनमध्ये आलं तर घोड्याच्या तबेल्याचा वास आणतं. हवा असताना ते अ‍ॅसिटिक आम्लही करतं. अचानक हवा तोडली की त्याचं एनएडीएच साठतं, ग्लिसरॉल करून ते उतरवण्याची सोय त्याच्याकडे जवळपास नाही, आणि किण्वन काही काळ ठप्प होतं. थोडा ऑक्सिजन दिला की पुन्हा चालू. १९४० साली कस्टर्स यांनी हे नोंदवलं, म्हणून याला कस्टर्स परिणाम म्हणतात.